फवारणी मजुराला गोळी नव्हे, कायद्याचे संरक्षण हवे

आपल्या खेड्यात कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही. त्याला ‘औषध’ म्हणतात. दुकानात औषध मागतात, पिकावर औषध मारतात आणि कर्जाला कंटाळलेला शेतकरी जीव देतो तेव्हाही तो ‘औषध प्यायला’ असेच लोक सांगतात. आता या औषधावर आणखी एक औषध शोधले जात आहे. कीटकनाशकामुळे पुरुषाची मूल होण्याची शक्ती कमी होते हे जगभरच्या संशोधनाने पुढे आणले. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांत या हानीपासून पुरुषाला वाचवणारी गोळी शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. अशा बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रात येतात आणि वाचणाऱ्याला वाटते, चला, विज्ञानाने एक प्रश्न सोडवला.

वस्तुतः प्रश्न इथेच सुरू होतो. ही गोळी कोणी खायची? तिचे पैसे कोणी द्यायचे? आणि गोळी आल्यावर विष विकणाऱ्याची, फवारायला लावणाऱ्याची आणि परवानगी देणाऱ्या सरकारची जबाबदारी कुठे जाणार? आंबेडकरी चळवळीने हे प्रश्न विचारले नाहीत तर दुसरे कोणी विचारणार नाही, कारण फवारणीचा पंप ज्याच्या पाठीवर असतो तो आपल्याच माणसांपैकी एक असतो.

कर्जत तालुक्यातले कोंडाणे बाहेरच्या जगाला लेण्यांमुळे माहीत आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात भिक्खूंनी जिथे वर्षावास केला, त्या परिसरात आज भाताची खाचरे आहेत, भाजीपाल्याचे मळे आहेत आणि मुंबई-पुण्याच्या लोकांची फार्महाऊसे आहेत. भातावर खोडकिडा, तुडतुडे आणि करपा येतो, भाजीवर अळी येते, फार्महाऊसच्या बागेत आंब्यावर मोहोर आला की फवारणी होते. जमीन एकाची, पीक एकाचे आणि पंप तिसऱ्याच्या पाठीवर! तो तिसरा बहुतेक वेळा कातकरी, ठाकूर किंवा बौद्ध वस्तीतला भूमिहीन तरुण असतो. त्याला रोज मिळतो. हातमोजे मिळत नाहीत. तोंडाला फडके बांधून तो फवारतो, नोजल अडकले की तोंडाने फुंकून साफ करतो, गळक्या पंपाचे पाणी त्याच्या पाठीवरून कमरेपर्यंत ओघळते आणि त्याच हाताने तो भाकरी खातो. कीटकनाशक केवळ श्वासातून जात नाही, ते कातडीतूनही शिरते. जांघेची कातडी तर तळहातापेक्षा कितीतरी लवकर ते शोषून घेते. या साध्या गोष्टी त्याला कोणीही सांगितलेल्या नसतात.

शरीरात नेमके काय होते ते समजून घेतले पाहिजे. पुरुषाच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि ते पूर्ण परिपक्व होऊन बाहेर पडेपर्यंत तीन महिने होतात. म्हणजे श्रावणातल्या फवारणीचा परिणाम दिवाळीच्या सुमारास तपासणीत दिसू शकतो. काही कीटकनाशके टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या निर्मितीत अडथळा आणतात. काही थेट शुक्राणू बनवणाऱ्या पेशींवर घाव घालतात. बरीचशी पेशींमध्ये ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतात, म्हणजे एका अर्थी पेशी आतून गंजतात. शुक्राणूचे आवरण अशा स्निग्ध पदार्थांचे असते की त्याला हा गंज लवकर चढतो. यातले काहीही बाहेरून दिसत नाही. ताप येत नाही, दुखत नाही, पुरुषाच्या लैंगिक शक्तीतही फरक पडेलच असे नाही. म्हणून तो डॉक्टरकडे जात नाही.

या गंजावर उतारा म्हणून संशोधकांनी ई आणि क जीवनसत्त्व, जस्त, मेलॅटोनिन, हळदीतले कर्क्युमिन असे अनेक पदार्थ वापरून पाहिले. उंदरांना आधी कीटकनाशक दिले, सोबत हे पदार्थ दिले आणि हानी कमी झालेली दिसली. हे काम खोटे नाही, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु पिंजऱ्यातल्या उंदराला मोजून एकच विष दिले जाते आणि उतारा त्याच वेळी दिला जातो. आपल्या मजुराच्या अंगावर एका हंगामात चार प्रकारची औषधे पडतात, ती किती पडली हे कोणी मोजत नाही आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. शिवाय उंदरात जे साधते ते माणसात साधतेच असे नाही. अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या २,३७० जोडप्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांना सहा महिने फॉलिक ॲसिड आणि जस्त देऊनही वीर्याचा दर्जा सुधारला नाही, जन्मलेल्या मुलांची संख्या वाढली नाही. ते पुरुष फवारणी करणारे नव्हते हे खरे, पण बाजारात ‘पुरुषांसाठी शक्तिवर्धक’ म्हणून याच पदार्थांच्या महाग बाटल्या विकल्या जातात हे लक्षात ठेवावे. विषबाधा झाल्यावर रुग्णालयात ॲट्रोपिन देतात, त्याने जीव वाचतो. शुक्राणू वाचवण्यासाठी ते नाही. सारांश, फवारणी करणाऱ्या पुरुषाने घ्यावी आणि निर्धास्त व्हावे अशी सिद्ध झालेली एकही गोळी आज नाही.

मग हानी थांबली कशी, जिथे थांबली तिथे? याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे डीबीसीपी नावाचे कीटकनाशक बनवणारा कारखाना होता. जमिनीतल्या सूत्रकृमींना मारण्यासाठी ते वापरत. १९७७ मध्ये तिथल्या कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून लक्षात आले की या विभागात काम करणाऱ्यांना मुले होत नाहीत. कामगारांनी आणि त्यांच्या संघटनेने तपासणीचा आग्रह धरला. तपासलेल्या २५ पुरुषांपैकी ११ जणांचे शुक्राणू शून्य किंवा जवळपास शून्य निघाले. जितकी वर्षे काम अधिक तितकी हानी अधिक. विशेष म्हणजे या रसायनाने प्राण्यांची वृषणे आक्रसतात हे १९६१ मध्येच शास्त्रीय नियतकालिकात छापून आले होते. सोळा वर्षे ते कागदावर राहिले. १९७९ मध्ये अमेरिकन सरकारने त्याचा जवळजवळ सर्व वापर बंद केला. ज्यांची हानी कमी होती त्यांचे शुक्राणू काम सुटल्यावर काही प्रमाणात परत आले. ज्यांचे शून्य झाले होते त्यांच्यापैकी बहुतेकांचे परत आले नाहीत. कामगारांना वाचवले ते बंदीने, गोळीने नव्हे. आणि अमेरिकेत धोका उघड झाल्यावरही हेच रसायन काही काळ मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत वापरले गेले. तिथले हजारो मजूर पुढे कित्येक दशके न्यायालयांत भांडत राहिले. गोऱ्या कामगाराला जे विष नको ते काळ्या-सावळ्या मजुराला चालते, हा जगाच्या बाजाराचा न्याय आपल्याला अपरिचित नाही.

आपल्या देशात याचे सर्वांत ठळक उदाहरण केरळमधील कासारगोडचे. तिथे सरकारी प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या काजूबागांवर सुमारे पाव शतक, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने बागांच्या पायथ्याच्या गावातील ११७ मुलग्यांची तपासणी केली आणि दुसरीकडच्या ९० मुलग्यांशी तुलना केली. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फवारणीखालच्या मुलांमध्ये वयात येण्याची प्रक्रिया लांबली होती आणि संप्रेरकांचा समतोल बिघडला होता. ही मुले पंप घेऊन फवारणारी नव्हती, ती फक्त त्या गावात राहत होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. २०१७ मध्ये प्रत्येक पीडिताला पाच लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये अवमान याचिका ऐकताना न्यायालयासमोर आले की ३,७०४ पीडितांपैकी फक्त ८ जणांना रक्कम मिळाली होती! न्यायालयाचा आदेश हातात असूनही ही अवस्था. ज्याच्या हातात आदेशही नाही त्याचे काय?

महाराष्ट्राने २०१७ मध्ये यवतमाळ पाहिले. कापसावर फवारणी करताना त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. हे सर्व झाले कारण माणसे मेली. जे वाचले त्यांच्या शरीरात पुढे काय झाले, त्यांना मुले झाली की नाही, हा विषय चर्चेत आलाच नाही. आपली व्यवस्था मृत्यू मोजते. न जन्मलेल्या मुलाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

आता कायद्याकडे येतो. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. नियम ३७ प्रमाणे कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातील कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील रसायने हाताळणाऱ्यांचे रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा मोजले पाहिजे. पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय करणाऱ्यांच्या माणसांची वर्षातून एकदा तपासणी झाली पाहिजे. पुढच्या नियमांत संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, उताऱ्याची औषधे आणि प्रशिक्षण यांची तरतूद आहे. वाचताना समाधान वाटते. परंतु त्याच कायद्याचे कलम ३८ वाचा. स्वतःच्या लागवडीखालच्या जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरत असेल तर त्या वापराला हा कायदाच लागू नाही! छोट्या शेतकऱ्याला इन्स्पेक्टरचा जाच होऊ नये हा त्यामागचा हेतू असेल. प्रत्यक्षात त्या सवलतीच्या आडोशाला रोजंदारीने पंप मारायला लावणारा मालकही उभा राहतो आणि मजूर मात्र उघड्यावर पडतो.

याचा अर्थ आपल्याच भागात पाहा. खालापूरच्या बाजूला पाताळगंगेच्या खोऱ्यात रसायनी आहे. तिथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी, मॅलॅथिऑन तयार होत असे. असे रसायन डब्यात भरणारा कामगार कायद्याच्या नजरेत धोक्यात आहे, म्हणून त्याचे रक्त तपासायचे. तोच डबा शेजारच्या कर्जत तालुक्यात येऊन उघडला गेला आणि मजुराच्या पाठीवर सांडला, की कायद्याला धोका दिसत नाही. विष तेच, माणूसही तसाच. फरक इतकाच की एकाला हजेरीपट आहे, दुसऱ्याला नाही.

डब्यावरच्या खुणेचाही विचार करू. प्रत्येक डब्यावर चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत घातक, हिरवा सर्वांत सौम्य. पण हा रंग ठरतो तो किती मात्रेने प्राणी तात्काळ मरतो यावरून. हळूहळू प्रजननशक्ती घालवणाऱ्या रसायनाचा धोका त्या रंगात दिसत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बियाणे चोळण्यापासून फवारणीपर्यंत सर्रास वापरले जाते. तात्काळ मारक शक्तीच्या मोजपट्टीवर ते सौम्य ठरते. परंतु युरोपीय संघाने ते प्रजननक्षमतेला बाधक म्हणून वर्गीकृत केले आहे आणि तिथे शेतीसाठीची त्याची मान्यता २०१४ मध्ये संपली. आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात कार्बेन्डाझिम होते. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंदी तीनच रसायनांवर आली, आणखी काहींवर मर्यादा आल्या. कार्बेन्डाझिम सुटले. मसुदा आणि आदेश यांच्या मधल्या तीन वर्षांत उद्योगाचे म्हणणे ऐकले गेले. फवारणी मजुराचे म्हणणे मांडायला कोण गेले होते?

समजा उद्या एखाद्या मजुराने सिद्ध केले की फवारणीमुळे त्याचे शुक्राणू नष्ट झाले. त्याला भरपाई कशी मिळेल? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत मोजपट्टी एकच आहे, कमावण्याची क्षमता किती टक्के गेली? बोट तुटले तर टक्के ठरलेले आहेत. मूल होण्याची शक्ती गेली तर माणूस दुसऱ्या दिवशीही खाचरात उभा राहू शकतो, म्हणजे कमाई शाबूत, म्हणजे नुकसान शून्य! दुसरीकडे फौजदारी कायदा पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये, पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये, गंभीर दुखापतीच्या यादीत पहिल्याच क्रमांकावर पुरुषत्व नष्ट करणे आहे. एका माणसाने हाताने ते केले तर तो सर्वांत आधी मोजायचा गुन्हा ठरतो. एखादे रसायन शेकडो पुरुषांची मूल होण्याची शक्ती हळूहळू हिरावून घेत असेल तर तो गुन्हा नाही, अपघात नाही, व्यवसायजन्य आजारही नाही. मग ते आहे तरी काय?

याची शिक्षा घरातली बाई भोगते. लग्नाला चार वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडे वळते. तिला देवऋषाकडे नेतात, उपास करायला लावतात, माहेरी पाठवतात, दुसरी बायको करण्याची भाषा होते. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी ही सर्वांत साधी आणि स्वस्त तपासणी. ती मात्र शेवटी होते किंवा होतच नाही, कारण त्यात पुरुषाची अब्रू जाते असा समज आहे. बौद्ध वस्त्यांतही हे घडते हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा प्रश्न मांडला होता. मूल कधी आणि किती, हे जोडप्याच्या हाती असावे, परिस्थितीने ते लादू नये, हा त्यामागचा विचार. ज्या तत्त्वाने नको असलेले मूल लादता येत नाही, त्याच तत्त्वाने हवे असलेले मूल कोणाला हिरावूनही घेता येत नाही.

काही जण म्हणतील, फवारणी बंद केली तर पीक जाईल आणि मजुराचा रोजही जाईल. फवारणी आज सरसकट बंद करा असे कोणी म्हणत नाही. म्हणणे असे की जिथे कमी घातक पर्याय आहे तिथे घातक रसायन विकू देऊ नका, किडीचे प्रमाण नुकसानीच्या पातळीला पोचल्याशिवाय फवारू नका. कर्जतलाच कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे, तिथल्या तज्ज्ञांना वाड्यावस्त्यांवर येऊन हे शिकवायला सांगा. संरक्षक कपडे द्या, पण तेवढ्यावर सोडू नका. कोकणातल्या दमट उकाड्यात रबरी कपडे घालून दिवसभर कोणी काम करू शकत नाही. म्हणून पहिला उपाय विष काढणे, दुसरा संपर्क कमी करणे, तिसरा कपडे आणि सर्वांत शेवटी गोळी. तथागतांनी दुःख सांगितले तसे दुःखाचे कारणही सांगितले आणि कारण नाहीसे करण्याचा मार्ग दाखवला. कारण तसेच ठेवून दुःखावर लेप लावणे हा तो मार्ग नव्हे.

औषधाला विरोध नाही. ज्यांची हानी झाली आहे त्यांना उपचार मिळालेच पाहिजेत आणि ते मोफत मिळाले पाहिजेत. परंतु माणसावर सिद्ध होण्याआधी ‘ही गोळी घ्या आणि फवारा’ असे कोणी सांगू लागला, तर तो मजुराच्या शरीरावर प्रयोग करतो आहे असे समजावे. उद्या कंपनीच डब्यासोबत गोळ्यांची पट्टी देईल आणि मूल झाले नाही तर म्हणेल, तुम्ही गोळी वेळेवर घेतली नाही.

कार्यकर्त्यांनी करायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, फवारणी करणाऱ्याने कोणते रसायन, कोणत्या तारखेला, कोणाच्या शेतात फवारले हे साध्या वहीत लिहावे आणि डब्याच्या खुणेचा फोटो ठेवावा. न्यायालयात हीच वही साक्ष देईल. दुसरी, कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विषबाधेच्या घटना कळवणे राज्य सरकार बंधनकारक करू शकते. तसा आदेश आपल्या तालुक्यात कसा पाळला जातो, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. तिसरी, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात फवारणी मजुरांच्या रक्ताची आणि इच्छा असेल त्यांच्या वीर्याची तपासणी मोफत आणि गुप्तता राखून व्हावी, अशी ग्रामसभेने मागणी करावी. चौथी, कीटकनाशकांच्या नव्या कायद्यासाठी २००८ आणि २०२० मध्ये राज्यसभेत विधेयके मांडली गेली. जो नवा कायदा होईल त्यात मजुरीवर फवारणी करून घेणाऱ्याला कलम ३८ सारखी सूट असता कामा नये आणि प्रजननशक्तीची हानी भरपाईच्या परिशिष्टात आली पाहिजे, ही मागणी आपल्या प्रतिनिधींकडे लेखी पोचवावी.

यासाठी कायद्याचा आधार नवा शोधावा लागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ई) ने राज्यावर जबाबदारी टाकली आहे की कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा गैरवापर होऊ नये. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद किमान ४० वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. कारखान्याच्या भिंतीआड मिळालेला हा हक्क बांधावर आणणे एवढेच काम उरले आहे. पुढच्या पावसाळ्यात पंप पुन्हा पाठीवर चढतील. त्याआधी प्रत्येक वस्तीत एक बैठक झाली आणि एक वही सुरू झाली, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल.